अकरा वर्षांची दुरुस्ती

बाई कुठलंही दार आधी ढकलून बघायच्या आणि मग त्याला कडी आहे का ते पाहायच्या. हेडमास्तरांच्या खोलीचं दार त्यांनी एकदा असंच ढकललं, तेव्हा आत हेडमास्तर दाराला पाठ करून डबा खात होते. दार त्यांच्या पाठीत बसलं. "दार हलकं हाये तुमचं," एवढंच बाई म्हणाल्या आणि खडूचा डबा घेऊन निघून गेल्या. त्यांनी माफी मागितल्याचं शाळेत कुणालाच आठवत नव्हतं.

सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. नागपुरातली ती महापालिकेची सातवीपर्यंतची शाळा होती. वर कौलं, खाली शहाबादी फरशी आणि दोन वर्गांच्या मध्ये भिंतीऐवजी लाकडी फळ्यांचा आडोसा. मी तेवीस वर्षांचा, नुकताच बी.एस्सी. झालेला. माझ्याकडे पाचवी आणि सहावी होती. सातवीचं विज्ञान बाईंकडे. ते त्यांच्याकडून कुणी मागण्याची हिंमत केली नव्हती.

बाई तिशीच्या. उंच, खांदे रुंद, सुती साडीचा पदर कंबरेला घट्ट खोचलेला. लेडीज सायकलवरून यायच्या. लग्न केलं नव्हतं, वडिलांबरोबर राहायच्या. वडील गिरणीत मागावर होते. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाई शाळेत शिकत होत्या. दीक्षेहून घरी परत येताना वडील म्हणाले होते, "आतापासून कोणी सांगितलं म्हणून मानाचं नाही. पाहाचं, मंग मानाचं." हे वाक्य बाई वर्षातून एकदा, सातवीच्या पहिल्या तासाला सांगायच्या. पुढे सगळं वर्ष मुलांना काही ना काही ढकलायला लावायच्या. बाकं, पाण्याच्या हौदावरचा दगड, पटांगणातला लोखंडी रोलर. "काय चाललंय बाई?" असं कुणी सहज विचारलं, तर म्हणायच्या, "चालून काहीच नाही राहिलं गा, मीच ढकलून राहिली."

'जोर' हा शब्द त्यांना खपत नसे. जोर पहिलवानाचा असतो, विज्ञानात बल असतं. एकदा शाळेसमोरचा चहावाला बंबाची तोटी पिळत "जोर लावा लागते बाई" म्हणाला, तर त्याला त्यांनी तिथल्या तिथे 'बल' म्हणायला लावलं, आणि मगच कप हातात घेतला.

अशा या बाईंची चूक मला आडोशापलीकडून ऐकू आली.

सातवीत 'बल आणि गती' हा धडा चालू होता. बाई मोठ्यानं विचारायच्या आणि साठ मुलं छत उडेल अशा आवाजात उत्तर द्यायची.

"पायडल थांबलं?"

"सायकल थांबली!"

"बल संपलं?"

"गती संपली!"

हे दोन दिवस चाललं. मी सहावीला पानांचे प्रकार शिकवत होतो, पण माझं लक्ष पलीकडे. वस्तू चालत राहण्यासाठी बल लागतं, बल खर्च होतं आणि मग वस्तू थांबते, असं त्या शिकवत होत्या. हे चूक होतं. धड्यात असं नव्हतं. धडा फक्त 'बलामुळे गती मिळते' म्हणून थांबत होता. पुढचं बाईंनी स्वतः जोडलं होतं. चालती वस्तू आपली आपण थांबत नाही. तिला कुणीतरी थांबवतं. रस्ता थांबवतो, हवा थांबवते.

तीन दिवस मी गप्प बसलो. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाई भाकरी खात होत्या. घास खाली ठेवला नाही. "कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे. वरच्या वर्गात येतं."

"पुस्तक नको दाखवू. मले दाखव."

"काय?"

"न थांबणारी वस्तू दाखव. दाखवशील तं मानीन. नाही तं मधल्या सुट्टीत लोकाले जेवू देत जा."

न थांबणारी वस्तू नागपुरात कुठून आणायची? दुसऱ्या दिवशी मी तेच म्हणालो. त्यावर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग कमी कमी थांबणारी आण. तिथून पाहू." तेव्हा मला कळलं की रात्रभर त्याही विचार करत होत्या.

रविवारी आम्ही रिकाम्या शाळेत भेटलो. बाईंनी ट्रकच्या बेअरिंगमधली लोखंडी गोळी आणली होती, शिंप्याची टेप आणली होती आणि एक बांबू उभा चिरून त्याची पन्हाळी केली होती. बांबूचं एक टोक दोन विटांवर टेकवलं. गोळी दर वेळी वरच्या खुणेवरूनच सोडायची म्हणजे खाली पोचताना तिची गती तीच राहील, हे त्यांनीच ठरवलं. मला काही सांगावं लागलं नाही.

आधी खाली रेती पसरली. गोळी वीतभर गेली आणि रुतली. मग पोतं अंथरलं. गोळी दोन-अडीच हात गेली. मग फरशी. गोळी थेट दहा-बारा हातांवर जाऊन फरशीच्या सांध्यात अडकली. बाई प्रत्येक वेळी टेप लावायच्या, आकडा फळ्यावर लिहायच्या आणि पुन्हा गोळी सोडायच्या. एकदा नाही, दहा-दहा वेळा. मी कंटाळलो, त्या नाही.

"याहून गुळगुळीत काय हाये शाळेत?"

नोटीस बोर्डाची काच होती. बाईंनी खिळे वाकवून ती काढली. हेडमास्तरांची परवानगी सोमवारी घेऊ म्हणाल्या. काच फरशीवर ठेवली, गोळी सोडली. काच संपली तरी गोळी थांबली नाही. काचेवरून उतरून, टणटण वाजत भिंतीपर्यंत गेली.

बाई उकिडव्या बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. फळ्यावरचे आकडे एकेक करून पुन्हा वाचले. मग हळू बोलू लागल्या. माझ्याशी नाही, स्वतःशीच.

"रेतीनं लवकर थांबवलं. पोत्यानं त्याहून कमी. फरशीनं त्याहून कमी. काचेनं थांबवलंच नाही." मग माझ्याकडे वळल्या. "आणि खाली काहीच नसलं तं? रेती नाही, काच नाही, हवा नाही. तं ते काहून थांबेल गा?"

मी भिंतीपाशी गेलेली गोळी उचलून आणली.

"नाही थांबणार," बाई म्हणाल्या. "बल संपत नाही. कोणीतरी थांबवते."

मला वाटलं, आता त्यांना आनंद होईल. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा झाला होता. पण बाई उठल्या, साडीवरची रेती झटकली आणि म्हणाल्या, "अकरा वर्षं." पुन्हा म्हणाल्या, "अकरा वर्षं मी पोराइले हे घोकवलं."

सोमवारी त्यांनी सातवीच्या वर्गात उभं राहून सांगितलं की मागच्या आठवड्यात बाईंनी चूक शिकवलं, वहीतलं ते पान खोडा. मी आडोशापलीकडून ऐकत होतो. साठ वह्यांची पानं उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. पण दुपारी बाई कार्यालयाच्या कपाटासमोर मांडी घालून बसलेल्या दिसल्या. अकरा वर्षांचे हजेरीपट त्यांनी बाहेर काढले होते आणि नावं एका वहीत उतरवून घेत होत्या.

"हे काय बाई?"

"यांचंही पान खोडा लागन ना."

"सगळ्यांकडे जाणार?"

"जेवढे सापडतील तेवढे. चूक तू काढली, तं बांबू तू उचल."

हेडमास्तर घाबरले. भला माणूस होता तो. बाईंना समोर बसवून म्हणाले, "बाई, झालं गेलं सोडा. सातवीतलं कोणाला आठवून राहिलं? उगाच पालकाइले कळन, शाळेचं नाव जाईन."

"कळावं म्हणूनच तं चालली मी."

"वरून पत्र येईल."

पत्र आलंच. शाळेची बदनामी होईल असं वर्तन का करता, त्याचा खुलासा मागितला होता. बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं: 'माझ्याकडून चुकीचे शिकविले गेले होते, ते रविवारी दुरुस्त करीत आहे.' पुढे त्या पत्राचं काय झालं कुणास ठाऊक. पुन्हा आलं नाही.

आणि आमचे रविवार सुरू झाले. बाई सायकलवर पुढे, मी मागे. माझ्या सायकलच्या दांडीला चिरलेला बांबू बांधलेला. एका गल्लीत एका म्हातारीनं बांबू पाहून पदर डोक्यावर घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोणाच्या घरी झालं गा?" बाई सायकल न थांबवता म्हणाल्या, "अजून कोणाच्या नाही मावशी, शाळेचं काम हाये."

लोक हसायचे. काही जण बाईंना चहा पाजून, मान डोलावून वाटेला लावायचे. एकानं सरळ सांगितलं, "बाई, मी भाजीचं दुकान चालवतो, मले याचं काय करायचं?" बाईंनी त्याच्या दुकानातल्या फळीवरून गोळी सोडून दाखवली, त्याच्याकडून 'बल संपत नाही' म्हणवून घेतलं, वहीतल्या त्याच्या नावापुढे खूण केली आणि मगच उठल्या.

धरमपेठेत एकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. रम्मू त्याचं नाव. सात वर्षांपूर्वी बाईंच्या हाताखालून गेलेला. बाई बोलू लागल्या तसा तो ऐकत राहिला. हातात पाना तसाच. बाईंचं झाल्यावर उठला, उलटी ठेवलेली एक सायकल जवळ ओढली, तिच्या पुढच्या चाकाला तेल दिलं आणि हातानं एक हिसका दिला. चाक फिरू लागलं. आम्ही तिघं बघत होतो. चाक फिरतच राहिलं.

"बाई, हे तं मले तेव्हाच माहीत होतं," रम्मू म्हणाला. "माह्या बापाचंच दुकान ना हे. पायडलबियडल काही नाही. तेल दिलं का फिरतच राह्यते."

"मंग पेपरात काय लिहिलं होतं तू?"

"तुम्ही सांगितलं तेच."

"आणि वर्गात काहून नाही बोलला?"

रम्मू हसला, मग बाईंचा चेहरा पाहून थांबला. "तुम्हाले कसं सांगू बाई?"

परतताना बाई सायकलवर बसल्या नाहीत. हातात धरून चालत राहिल्या. गणेशाच्या देवळापाशी आलो तेव्हा म्हणाल्या, "पोराले माहीत होतं. आणि मले सांगायची त्याले भीती वाटली. माह्या बापानं काय सांगितलं होतं, आणि मी काय केलं!"

त्या आठवड्यापासून सातवीचा शनिवारचा शेवटचा तास बदलला. 'बाईची चूक काढा' असा तो तास होता. पहिल्या दोन शनिवारी कुणीच बोललं नाही. बाई खुर्चीत हाताची घडी घालून पूर्ण तास गप्प बसल्या. तिसऱ्या शनिवारी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही गुरुवारी फळ्यावर नऊ सात छप्पन लिहिलं होतं." बाईंनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. नंतर मात्र मुलांनी त्यांना सोडलं नाही.

सगळ्यात वाईट दिवस सावनेरकडचा. बाईंचा एक विद्यार्थी त्या तालुक्यातल्या एका खेड्यात गुरुजी झाला होता. त्याची शाळा रविवारी बंद असेल म्हणून बाईंनी एक दिवसाची रजा घेतली, मलाही घ्यायला लावली. एस.टी.तून उतरून आम्ही शाळेकडे निघालो. शाळा अजून दिसतही नव्हती, तेव्हा लहान मुलांचे आवाज आले.

"पायडल थांबलं?"

"सायकल थांबली!"

बाई वाटेतच थांबल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि झपाझप चालू लागल्या.

गुरुजी बाईंना पाहून आनंदानं पाया पडायला वाकला. बाईंनी त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "बाई, मी पोराइले सांगीन हळूहळू. पण आज नको. नवीन हाये मी गावात. पाटील, सरपंच सारे पाहून राहिले मास्तर कसा हाये म्हणून. गुरुजीले येत नाही असं झालं तं माही काय इज्जत राहीन?"

मला वाटलं बाई आता त्याला फैलावर घेतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझी इज्जत नाही जाणार. मले वर्गात बसू दे फक्त."

त्या वर्गात गेल्या आणि पोरांसमोर फरशीवर बसल्या. "मी तुमच्या गुरुजींची शाळेतली बाई होय," त्या म्हणाल्या. "तुमचे गुरुजी हुशार होते. जसं शिकवलं तसं शिकले. शिकवलं मात्र मीच चूक. आज त्याइले आणि तुम्हाले संगच सांगायले आली." मग गुरुजीला म्हणाल्या, "बस गा इथं. पोरात बस."

तो टोपी काढून बाकाच्या टोकावर बसला. बाईंनी त्याच्याच हातून गोळी सोडवली; रेतीवर, पोत्यावर, मग फरशीवर. आणि 'खाली काहीच नसलं तं?' हा प्रश्नही त्यालाच विचारायला लावला. उत्तर पोरांनी दिलं. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. निघताना त्या गुरुजीच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंच्या नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या हातून किती गेले, त्याची वही तू कर."

दोन वर्षं असं चाललं. काही सापडले नाहीत. भिलाईला, मुंबईला गेलेल्यांना बाईंनी पोस्टकार्डं टाकली. वहीत खुणा भरत गेल्या. पण एका नावापाशी आलं की त्या म्हणायच्या, "याच्याकडं मंग जाऊ." घर तर शाळेपासून दहा मिनिटांवर. मी एकदा विचारलं, तर सायकलची घंटी वाजवून त्या पुढे निघून गेल्या.

शेवटी ते एकच नाव उरलं. सुखदेव. त्या रविवारी बाईंनी मला बोलावणं पाठवलं, पण बांबू आणू नको म्हणाल्या.

चालता चालता त्यांनी सांगितलं. सुखदेव सातवी पास झाला आणि पुढच्याच वर्षी काविळीनं गेला.

मी थांबलो. "मग बाई, आता तिथे जाऊन काय उपयोग?"

"त्यानं पेपरात लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "बल संपत नाही, रस्ता सायकलले धरते, म्हणून ते थांबते. असं लिहिलं होतं त्यानं. साऱ्या वर्गात त्यानं एकट्यानं. मी शून्य दिला. वर्गासमोर उभं केलं. तो म्हणे, बाई मी करून पाह्यलं हाये. तं मी छडी मारली."



सुखदेवची आई घरीच होती. दारात बसून तांदूळ निवडत होती. बाईंना तिनं लगेच ओळखलं. आम्हाला सतरंजी टाकली, पाणी दिलं. बाईंनी पाणी घेतलं नाही. आधी बोलल्या. मी त्यांना हजार वेळा तोच धडा सांगताना ऐकलं होतं, पण त्या दिवशी त्यांना शब्द शोधावे लागत होते. छडीचंही सांगितलं. काही गाळलं नाही.

आई ऐकत होती. हात तांदळात तसाच होता.

"आठवते मले तो दिवस," ती म्हणाली. "जेवला नव्हता. म्हणे माय, माहं बरोबर होतं. मी म्हटलं, बाई शिकल्या सवरल्या, त्याइचं कसं चुकन? तूच काही केलं असशीन. मीही बोलली त्याले." तिनं बाईंकडे पाहिलं. "म्हणजे बरोबर होतं काय वं त्याचं?"

"बरोबर होतं. माहं चूक होतं."

बाई रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत, आईही रडली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले. म्हणाली, "मंग लिहून द्या."

बाईंनी पिशवीतली ती नावांची वही काढली. मागचं कोरं पान फाडलं. गुडघ्यावर ठेवून लिहिलं, खाली सही केली, शाळेचं नाव आणि तारीख टाकली. आईनं कागद दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग माझ्यापुढे धरला.

"मले वाचता येत नाही. तुम्ही वाचा मास्तर. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. 'सुखदेवने सातवीच्या परीक्षेत बलाबद्दल लिहिलेले उत्तर पूर्ण बरोबर होते. त्याच्या शिक्षिकेचे चूक होते.'

शेजारच्या दारातून दोन बायका डोकावल्या होत्या. आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणखी एकडाव वाचा," ती म्हणाली. "त्याइले ऐकू जाईन असं."

मी उभा राहिलो, आणि पुन्हा वाचलं.